खुर्चीवरचा शर्ट

बोळिंजच्या आमच्या कॉम्प्लेक्सचे वॉचमन दयारामकाका दुपारी घामाने भिजलेला गणवेशाचा शर्ट गेटवरच्या खुर्चीला अडकवतात आणि बनियनवर मागे जेवायला जातात. रोजचंच आहे हे.

त्या दिवशी मी चौथ्या मजल्यावरून पाहिलं. एक कुरियरवाला रिकाम्या खुर्चीसमोर थांबला. त्याने हेल्मेट काढलं, गेटवरच्या वहीत नाव लिहिलं आणि तिथेच उभा राहिला. त्याच्यामागे एक गाडी थांबली. कॉम्प्लेक्समधून आमचे सेक्रेटरी विपुलभाई बाहेर निघाले होते, तेही थांबले. गेट सताड उघडं होतं, पण कोणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

वरून मला हसू येत होतं.

तेवढ्यात लेकीच्या शाळेतून फोन आला. रिद्धीला ताप चढलाय, लगेच या. मी धावत खाली गेले.

"काय चाललंय हो?" मी विचारलं. विपुलभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

वारा अजिबात नव्हता. शर्टाची उजवी बाही सावकाश वर आली आणि माझ्यासमोर आडवी थांबली, गाडी अडवताना काकांचा हात थांबतो तशी.

देवाच्या गाभाऱ्याशी उभं राहावं तशी मी उभी राहिले. सात वर्षं इथे राहते, तरी वहीत माझं नाव लिहिलं.

एवढ्यात जेवून, हात पुसत दयारामकाका आले.

"काका, मला जाऊ द्या ना. पोरगी आजारी आहे."

काकांनी चपला काढल्या आणि ते माझ्या मागे रांगेत उभे राहिले.

"थांबा मॅडम," ते हलकेच म्हणाले. "त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही."