सातवा ट्रॅक

"पण यात गाणं कुठाय?" बाबांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवत विचारलं.

"गाणं नसतंच यात, बाबा. ठेका नाही, शब्द नाहीत. नुसता आवाज पसरत राहतो, धुक्यासारखा."

"म्हणजे आपला फ्रिजच की. तो तर फुकट वाजतो."

"तोही घेतलाय. पाचव्या ट्रॅकला."

बाबा फ्रिज दुरुस्त करायचे. आपल्या धंद्याची अल्बममध्ये वर्णी लागली म्हटल्यावर ते जरा सरसावून बसले. जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं पसरलं होतं आणि त्यावर ताईने सात चौकोन आखले होते. तिला ताई म्हणायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. पंधरा वर्षं एकुलती एक म्हणून मिरवल्यावर भाऊ आला, तोही दोन महिने आधी, आणि आला तो थेट हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत. तिथे तो सात आठवडे होता.

घरी आल्यापासून त्याला झोप म्हणून नव्हती. दहा-पंधरा मिनिटं डोळा लागायचा, की किंकाळी. वजन हटून बसलं होतं. "सोमवारपर्यंत वाढलं नाही तर परत दाखल करून घेऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. परत ती पेटी, परत त्या सुया. मांडीवरच्या दुपट्याची घडी आईने चारदा मोडली आणि चारदा घातली.

ताईचा हिशेब सरळ होता. बाळ मशीनच्या आवाजात वाढलं, म्हणून घरातली शांतता त्याला खायला उठते. तर पहिल्या ट्रॅकमध्ये सगळी मशीन ठेवायची. मग दर ट्रॅकला एक मशीन कमी, घरातला एक आवाज जास्त. सातव्या चौकोनात एकच शब्द होता: घर.

"बाटली सोडवतात ना मुलांची, तशी मशीन सोडवायची," ती म्हणाली.

"सोमवारच्या आत?"

"आज बुधवार आहे. होतंय."

बाबांनी मान डोलावली. "पटतंय खरं. त्या दिवशी दवाखान्यात नाही का, माझ्या खांद्यावर दीड तास झोपला. काय कलकलाट होता तिथे. तुझी आई केसपेपरच्या रांगेत उभी होती, तिला सांगितलं तर खरंच वाटेना."

"तेच तर. त्याला कलकलाट हवाय."

गुरुवारी शाळा सुटल्यावर ताई दप्तरासकट हॉस्पिटलात पोचली. वॉर्डातल्या सिस्टर कडक होत्या.

"दारातच थांब. आत पाऊल टाकलंस तर तुलाच पेटीत घालीन."

"मावेन का?"

"तोंड मावणार नाही." तरी त्यांनी एका रिकाम्या पेटीचं, श्वास मोजणारं मशीन चाचणीवर चालू करून दिलं. ताईने मोबाइल धरला. पिप्, पिप्, पिप्. मागे पंपाचा उसासा. "तुझा भाऊ ना, आमच्याकडचा सगळ्यात झोपाळू गडी," सिस्टर म्हणाल्या. "बाजूला पाच मशीन बोंबलत असायची, हा ढिम्म."

ताईला वाटलं, झालं, पुरावाच मिळाला.

शुक्रवारपर्यंत पहिला ट्रॅक तयार होता. पिप्-पिप् तिने लांबवली, तिच्याखाली सिंथेसायझरचा एकच सूर चटईसारखा अंथरला. स्पीकर लावला तेव्हा आई बाळाला घेऊन दारात उभी होती. डोळ्यांखाली काळं, केस दोन दिवस न विंचरलेले.

"काय चाललंय बापलेकीचं?"

कुणी उत्तर द्यायच्या आत तिचे डोळे मिटले. खांदे खाली आले. दोन मिनिटं ती तशीच चौकटीला टेकून राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "हे चालू ठेव गं." मग तिने टेबलावरचा कागद वाचला. "हे सातवं कशाला? सहावर थांब की."

"सातवा नसला तर अल्बमला अर्थच नाही, आई. कधीतरी त्याला नुसत्या घरात झोपायचंय ना?"

आईने बाळ खांद्यावर घट्ट धरलं.

"आण इकडे," बाबा म्हणाले, "मी बसतो याच्यापाशी. तू पड जरा."

"तुम्ही? उशाशी बँड वाजला तरी जागे होत नाही तुम्ही. नको." ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

सातव्या ट्रॅकसाठी बाळाच्या खोलीतली खरी शांतता हवी होती. शनिवारी दुपारी ताईने बाबांचा जुना मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून तिथल्या कपाटावर ठेवला. आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बिचारी श्वास रोखून बसली असती. तासाभरात आतून नेहमीसारखं रडणं ऐकू आलं तेव्हा ताईने कपाळाला हात लावला. बाबा म्हणाले, "असू दे गं, जेवढं मिळालं तेवढं घे."

संध्याकाळी तिने हेडफोन लावले. आईने थोपटल्याचा आवाज, खुर्ची ओढल्याचा आवाज, मग काहीच नाही. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट. ट्रॅकला हवी होती अगदी तश्शी. तिने आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला, तेव्हा कुठे श्वास ऐकू आला. बारीक, एकसारखा. खोलीत एकही मशीन नव्हतं आणि बाळ गाढ झोपलं होतं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला खुर्ची करकरली.

"ए सोन्या," आईचा आवाज, अगदी हळू. "घेतोयस ना श्वास? मला ऐकू येत नाहीये रे."

बाळाच्या तळपायावर टिचकी मारल्याचा आवाज आला. मग आणखी एक टिचकी, जोरात. मग बाळाची किंकाळी, आणि तिच्या मागोमाग आईने सोडलेला सुटकेचा निःश्वास.