पायातली दोरी

कंबोडियातल्या तोनले सॅप सरोवरावर तरंगणाऱ्या घरालगत पासष्टीची फल्ला पोहायला शिकत होती. आजही तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. शेजारच्या होड्यांतून हसू फुटलं, तसा तिचा मुलगा रित्थी वैतागला. तिचा हात धरून वर ओढत म्हणाला, “उभा जन्म पाण्यावर काढलास, आत्ताच कुठून सुचलं हे खूळ?”

“तुला पायाला दोरी बांधून वाढवलं, म्हणून पोहण्यावाचून अडलं नाही. आता तुझी लेक चालायला लागलीय आणि तुझी बायको तिला बांधू देत नाही.”

“बरोबरच आहे तिचं! लेकराला काय जनावरासारखं बांधायचं?”

“दोरीची अक्कल मला तुझा थोरला भाऊ बुडाल्यावर आली रे. पोहणं तरी आधी शिकू दे. सोड हात.”