न उलटलेला म्हातारा

दादू जहाजावर खलाशी होता. दर बंदरातून तो तेच ते अमेरिकन कॉमिक आणायचा, उडणाऱ्या वीराचं, दर वेळी निराळ्या भाषेत छापलेलं. त्याच्या बायकोला, दमयंतीला, त्यातली एकही भाषा येत नव्हती. तरी मांडवीच्या घरी तिने पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्या प्रती जपल्या होत्या. शेजारची गंगुबाई म्हणायची, "ही रद्दी कशाला गो?"

"माझी रद्दी, माझी ट्रंक," दमयंती म्हणायची.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात अरबी प्रत आली. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून सगळी चित्रं आरशातल्यासारखी उलटी छापली होती. वीराचा उजवा हात डावा झाला होता. पाचव्या पानावर खिडकीतला म्हातारा मात्र उलटला नव्हता. आधीच्या इटालियन प्रतीतल्यासारखाच तो डाव्या हाताने चौकट धरून थेट तिच्याकडे बघत होता.

दमयंतीने दौत काढली आणि इटालियन प्रतीतली ती खिडकी शाईने बुजवून टाकली.

गणपतीला दादूने तुर्की प्रत आणली. मागे छपाईचं साल होतं १९७४, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचं. पाचव्या पानावर खिडकी काळी छापलेली होती. म्हातारा खाली रस्त्यावर उतरला होता. सगळी गर्दी वर वीराकडे बघत होती, तो एकटा पानाबाहेर, तिच्याकडे.

"जाळून टाक गो," दादू म्हणाला.

"मी का जाळू? त्याने जावं."

तिने उरलेली दौत म्हाताऱ्यावर उपडी केली.

भर दुपारी त्यांच्या खिडकीच्या चौकटीवर, बाहेरून, डाव्या हाताचा पंजा उमटला होता. शाई ओली होती.

दादू खिडकी लावायला धावला. दमयंतीने त्याचा हात बाजूला केला आणि दोन्ही झडपा सताड उघडल्या.