जाळीतला वारा

सारोळ्याच्या पुलाजवळ भर दुपारी शेटची परदेशी गाडी थांबली. आतलं गार हवेचं यंत्र गरम वारा फेकत होतं.

"बाहेरूनच बघ. गादी बाटवू नकोस," असं बोलावून आणलेल्या सोपान मेस्त्रीवर खेकसून शेट झाडाखाली गेला. शेटाणी मागं बसून राहिली.

इंजीन बंद केलं तरी यंत्राच्या जाळीतला वारा थांबेना. ओलसर, ऊन, येई, थांबे, पुन्हा येई. जोर बघायला सोपाननं खिडकीतून हात घालून जाळीवर तळहात दाबला.

झाडाखाली शेट गळा धरून मटकन बसला.

सोपाननं दचकून हात काढला. शेटला श्वास आला.

"भाड्या, झालं का?"

"बगतो, शेट."

त्यानं पुन्हा हात दाबला. शेट मातीत पाय घासू लागला. सोपान घाबरून हात काढणार, तोच मागून शेटाणीचा हात त्याच्या हातावर घट्ट बसला.

"राहू द्या, मेस्त्री. आत्ता कुठं जरा गार वाटतंय."