अक्षराचं माप

नव्या कॉम्प्युटरवर काकांचा नकाशाचा प्रोग्रॅम उघडला आणि पुतणीने खुर्ची पुढे ओढली. बटणं एकमेकांवर चढलेली, अक्षरं मोहरीएवढी. काकांनी पडद्याला नाक टेकवलं.

"हे काय, मुंग्या सोडल्यास की काय गं?"

बाराला साहेब फेरी मारणार होते. नव्या यंत्रावर ज्याला काम जमणार नाही, त्याची रवानगी थेट रेकॉर्डच्या खोलीत. काका तीस वर्षं या मोजणी कार्यालयात नकाशे काढत आलेले. आता नजर अधू. पुतणीने मोठ्या अक्षरांचा प्रोग्रॅम करून दिला, म्हणून टेबल टिकलेलं.

"तुमचा प्रोग्रॅम जुन्या डेस्कटॉपच्या लायब्ररीवर बांधलाय, ताई," सिस्टिमवाला खुर्चीत रेलून म्हणाला. "इथला डेस्कटॉप, म्हणजे पडद्याची मांडणी सांभाळणारी व्यवस्था, वेगळा; त्याची लायब्ररी, म्हणजे बटणं-अक्षरं काढायचं तयार सामान, वेगळी. दोघी जावा म्हणा ना, एकमेकींशी बोलायच्या नाहीत."

"माझ्याकडे तर छान चालतो हो."

"तुमच्याकडे चालणारच!"

तिने प्रोग्रॅमच्या ओळी उघडल्या. चूक तिथेच होती. अक्षर केवढं हवं, हे तिचा प्रोग्रॅम डेस्कटॉपला विचारायचा. तिच्या घरी आणि काकांच्या जुन्या यंत्रावर डेस्कटॉप एकच. तो मुकाट्याने सांगायचा. हा नवा ओळखही दाखवत नव्हता. दुसऱ्या कुठल्या डेस्कटॉपवर चालवून बघावं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

साडेअकरा वाजले. तिने विचारणाऱ्या ओळी एकेक करून खोडल्या. अक्षराचं माप, बटणांची रुंदी, सगळं प्रोग्रॅममध्येच लिहून टाकलं. लागणारी लायब्ररीही त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवली. आता कुणाच्या दारी मागायला जायला नको.

उघडला. बोराएवढं अक्षर!

सिस्टिमवाला हट्टाने पलीकडच्या विभागात गेला. तिथे तिसराच डेस्कटॉप होता. परत आला तो स्वतःचे कान धरूनच.

"तिथेही चालला. मानलं बुवा!"

तिने नुसते हात जोडले. कुणाला, ते तिचं तिला ठाऊक.

साहेब आले तेव्हा काका नकाशातल्या नदीच्या वळणावर होते. साहेब त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले, वाकून पाहू लागले.

"साहेब," काका मान न वळवता म्हणाले, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."