तेलाचं बोट

मुलाने दंगलीचे फोटो काढायला जाऊ नये म्हणून आईने त्याच्या कॅमेऱ्याच्या लेन्समागच्या पितळी ठिपक्यांना गुपचूप केसांच्या तेलाचं बोट लावलं. कॅमेरा लेन्सच ओळखेना. मुलगा नुसती काच पुसत घरी अडकून पडला, म्हणून पेपरने त्याच्या मित्राला पाठवलं.

संध्याकाळी तो मित्र दवाखान्यात बेशुद्ध होता. डोक्यात दगड बसला होता.

“काकू, चूक माझी,” मुलगा मित्राच्या आईला म्हणाला. “मागचे ठिपके वेळेवर पुसले असते, तर तिथे मीच गेलो असतो.”

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “वेड्या, तू काय मुद्दाम केलंस?”

त्याच्यामागे उभ्या असलेल्या आईला ती माया बघवेना.

“ताई,” ती म्हणाली, “मुद्दामच केलं होतं. मी.”