धुराची तक्रार

गाडी सारखी बंद पडते म्हणून एक गिऱ्हाईक आपली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल गॅरेजमध्ये लावून गेलं. मिस्त्रीने सायलेन्सर उघडला आणि त्याला शिसारीच आली. आत डांबरासारखी चिकट काजळी नुसती थापली होती. हा माणूस पेट्रोलमध्ये हात सैल सोडून ऑइल ओतत होता, दुसरं काय! मिस्त्रीने नाक मुरडत सगळं खरवडून काढलं, टाकी रिकामी केली आणि मापात ऑइल मिसळून नवं पेट्रोल भरलं. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. मागे धुराची जेमतेम एक रेघ.

दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक तणतणत परत आलं.

"मिस्त्री, धूर कुठे गेला?"

"घालवला की! आता बंद नाही पडायची गाडी."

"पण धुराला हात लावायला कुणी सांगितलं होतं? भाऊ गेल्यापासून वहिनी पुढची खोली अडवून बसलीय. रोज सकाळी तिच्या खिडकीखाली गाडी चालू करून ठेवतो मी. वैतागून जाईल कधीतरी निघून."

मिस्त्रीने गाडी ढकलत नेऊन रस्त्यावर उभी केली.

"न्या ही इथून. लाज नाही वाटत? उद्या त्या बाईला दमा जडला म्हणजे?"

गिऱ्हाईक समजूत काढल्यासारखं हसलं.



"जडायचाय कशाला? आहेच तिला. नाहीतर धुराचा काय उपयोग?"